‘मुलगा मेलँकॉलिक आहे’ असं अहवाल सांगतो, तेव्हा त्यातलं किती मानायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला घातलं. तिथे त्याच्याकडून एक प्रश्नावली भरून घेतली आणि शेवटच्या दिवशी तुमच्या हातात रंगीत अहवाल दिला: ‘मुख्य स्वभाव मेलँकॉलिक, दुय्यम फ्लेग्मॅटिक. संवेदनशील, अबोल, चुका सहन न होणारा. नेतृत्व आणि लोकांशी थेट संबंध येणारी क्षेत्रं टाळावीत.’ त्याच्या आजी म्हणाल्या, हे तर आपलं वात-कफच, त्यात नवीन काय! आता तुम्हाला जाणून घ्यायचंय की हे शास्त्र आहे का, मुलाला बदलायला हवं का, आणि अहवालाची प्रत शाळेला द्यावी का.

मी समुपदेशन करते, मुख्यतः शाळकरी आणि किशोरवयीन मुलांसाठी. असे अहवाल घेऊन येणारे पालक मला नेहमी भेटतात. तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल जे सांगेन ते ‘असं असेल तर असं’ या धर्तीवरच असेल. पण अहवालातले हे शब्द ज्यातून आले तो चार स्वभावांचा सिद्धान्त आणि त्याची आजची पत याबद्दल मात्र ठामपणे बोलता येतं. तिथूनच सुरुवात करू, म्हणजे बाकीचं सोपं होईल.

मुळात हा स्वभावाचा सिद्धान्तच नव्हता, आजारांचा होता. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावर जे ग्रंथ आहेत त्यांतल्या ‘मानवाचे स्वरूप’ या विषयावरच्या ग्रंथात (तो बहुधा त्याचा जावई पॉलिबस यानं लिहिला) शरीरात चार द्रव सांगितलेत: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. हे प्रमाणात असले की माणूस निरोगी, एखादा वाढला की आजारी. प्रत्येकाचा ऋतूही ठरलेला: रक्त वसंतात वाढतं, पिवळं पित्त उन्हाळ्यात, काळं पित्त शरदात आणि कफ हिवाळ्यात. पाचशेहून अधिक वर्षांनी रोममध्ये गेलन हा वैद्य झाला. त्याचा जन्म इसवी सन १२९ मधला, आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गामम इथला. त्यानं उष्ण-शीत आणि शुष्क-आर्द्र या गुणांच्या मिश्रणांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात मिश्रणं चार नाहीत, नऊ आहेत: एक समतोल, चार साधी, चार जोड. रक्तप्रधान माणूस आनंदी (सँग्विन), पिवळ्या पित्ताचा तापट (कॉलरिक), काळ्या पित्ताचा उदास (मेलँकॉलिक), कफाचा थंड (फ्लेग्मॅटिक), ही जी सुटसुटीत चौकट आज शिबिरांत फिरते ती गेलननंतरच्या शतकांत हळूहळू घट्ट झाली. पुढे अरबी-फारसी वैद्यकानं ती उचलली, इब्न सिनाच्या ग्रंथातून ती सर्वदूर गेली. आपल्याकडच्या युनानी दवाखान्यात हकीम आजही दम, बलगम, सफरा, सौदा (रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त) यांच्या भाषेत मिजाज म्हणजे प्रकृती पाहतात, ती याच परंपरेची शाखा.

यातला कारणांचा भाग आज पूर्ण बाद झालेला आहे. काळं पित्त नावाचा वेगळा द्रव शरीरात नाहीच. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८५८ मध्ये जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखोनं आजाराचं मूळ पेशींत शोधायला शिकवल्यावर, द्रवांचं वैद्यक मागे पडलं. म्हणजे अहवालात ‘मेलँकॉलिक’ लिहिलंय त्याचा शब्दशः अर्थ ‘काळं पित्त जास्त’ असा घेतला तर त्याला कसलाही आधार नाही. अर्थात शिबिरवाले तसं म्हणत नाहीत. ते म्हणतात, कारण काहीही असो, माणसं चार प्रकारची असतात हे खरंच आहे ना? या दाव्याकडे नीट पाहायला हवं, कारण त्यातला काही भाग टिकलाय आणि काही कोसळलाय.

जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७९८ मध्ये चार स्वभाव मांडताना ते मिसळत नाहीत असं ठासून सांगितलं: माणूस एका खान्यात असतो, दोन खान्यांत नाही. नंतर जर्मनीतल्याच व्हिल्हेल्म वुंट या मानसशास्त्रज्ञानं एक साधी पण फार मोलाची गोष्ट केली. खाने मोडून त्यानं दोन रेषा काढल्या. एक, भावना किती जोरकस उसळतात. दोन, त्या किती पटकन बदलतात. तापट माणसाच्या भावना जोरकस आणि चंचल, उदास माणसाच्या जोरकस पण टिकून राहणाऱ्या, आणि उरलेल्या दोघांच्या सौम्य: आनंदी माणसाच्या चंचल, थंड माणसाच्या टिकून राहणाऱ्या. आता चार स्वभाव हे दोन रेषांचे चार कोपरे झाले आणि माणूस त्या रेषांवर कुठेही असू शकतो हे मान्य झालं.

विसाव्या शतकात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात काम करणाऱ्या हान्स आयसेंक या मानसशास्त्रज्ञानं हीच कल्पना प्रश्नावल्या आणि आकडेशास्त्राच्या जोरावर तपासली. हजारो उत्तरांतून दोन मापं पुन्हा पुन्हा वर येत राहिली: बहिर्मुखता आणि भावनिक अस्थिरता. दुसरं माप म्हणजे माणूस किती चटकन अस्वस्थ होतो आणि सावरायला किती वेळ घेतो. आयसेंकनं या दोन रेषा एका वर्तुळात काढल्या आणि चारही चतकोरांत जुनीच ग्रीक नावं लिहिली. अंतर्मुख आणि चटकन अस्वस्थ होणारा तो मेलँकॉलिक. बहिर्मुख आणि चटकन अस्वस्थ होणारा तो कॉलरिक. बहिर्मुख पण स्थिर तो सँग्विन. अंतर्मुख आणि स्थिर तो फ्लेग्मॅटिक. हे वर्तुळ मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आजही असतं, आणि ‘विज्ञानानं गेलनला दुजोरा दिला’ असं जे म्हटलं जातं त्याचं मूळ इथे आहे.

पण दोन स्वतंत्र रेषा एकमेकींना छेदल्या की चार कोपरे आपोआपच पडतात. त्या कोपऱ्यांना नावं देता येतात, म्हणून माणसांच्या चार जाती आहेत हे सिद्ध होत नाही. उंचीचंच बघा. ‘उंच’ आणि ‘बुटका’ हे शब्द आपण रोज वापरतो, पण वर्गातल्या मुलांना रांगेत उभं केलं तर दोन गट दिसत नाहीत. बहुतेक मुलं मधल्या उंचीची असतात आणि टोकाला थोडी. बहिर्मुखता आणि भावनिक स्थिरता यांचं अगदी तसंच आहे. बहुतेक माणसं मध्याजवळ असतात. मध्याजवळच्या मुलाची दोन उत्तरं इकडची तिकडे झाली की त्याचा ‘प्रकार’ बदलतो, मुलगा मात्र तोच असतो. तुमच्या अहवालात दोन प्रकार जोडून लिहिलेत ते बहुधा म्हणूनच. आयसेंकच्या वर्तुळात मेलँकॉलिक आणि फ्लेग्मॅटिक शेजारी-शेजारी आहेत. दोघांत समान आहे ती अंतर्मुखता, फरक आहे तो अस्वस्थतेचा. म्हणजे अहवालाचा सरळ अर्थ इतकाच निघतो की मुलगा अंतर्मुखतेकडे झुकतो आणि तो चटकन अस्वस्थ होतो की नाही हे स्पष्ट झालेलं नाही. पहिली गोष्ट तुम्हाला तो बालवाडीत असल्यापासून ठाऊक असणार.

याहून मोठी अडचण वेगळी आहे. आज व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात सर्वांत जास्त मान्यता आहे ती पाच घटकांच्या मांडणीला. तिची वाट भाषेतून गेली. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द वेचले, आणि पुढच्या काही दशकांत त्यांची छाननी होत होत पाच मापं उरली: बहिर्मुखता, भावनिक अस्थिरता, नवं स्वीकारण्याची वृत्ती, सलोख्याची वृत्ती आणि कर्तव्यदक्षता. पहिली दोन म्हणजे आयसेंकच्या रेषा, म्हणजे एका अर्थी जुन्या चौकटीतला टिकून राहिलेला भाग. उरलेल्या तिघांना जुन्या चौकटीत स्वतःची जागाच नाही. त्यातलं कर्तव्यदक्षता हे माप, म्हणजे हातात घेतलेलं काम नेटानं आणि वेळेवर पुरं करणं, अभ्यासातल्या आणि नोकरीतल्या कामगिरीशी या पाचांत सर्वांत सातत्यानं जोडलेलं आढळतं. तेव्हा ज्या अहवालानं तुमच्या मुलाला ‘अमुक क्षेत्रं टाळा’ असं सांगितलं, त्याच्या चौकटीत करिअरच्या दृष्टीनं सर्वांत कामाचं माप बसतच नाही. अकरा वर्षांच्या मुलाला असा सल्ला लेखी देणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं आणि ते मी इथे स्पष्ट लिहिते.

‘पण वर्णन तंतोतंत जुळतंय’ असं तुम्ही लिहिलंय. जवळजवळ सगळे पालक असंच सांगतात. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचा खास’ अहवाल दिला. विद्यार्थ्यांनी अहवालाच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग त्यानं उघड केलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातली बरीच वाक्यं भविष्याच्या एका पुस्तकातून घेतली होती. ‘वरून शांत पण आतून काळजी करणारा’ हे वाक्य कोणाला लागू होत नाही? घरी करून पाहा: अहवालातलं वर्णन त्याच्या चुलत-मामे भावंडांच्या आईवडिलांना नाव न सांगता वाचायला द्या आणि ‘हे तुमच्या मुलाचं आहे’ म्हणा.

आता आजींचं म्हणणं. वात-पित्त-कफ आणि ग्रीक द्रव यांत साम्य आहे हे त्यांनी बरोबर हेरलं. सुश्रुतसंहितेत तर तीन दोषांच्या जोडीला रक्ताचाही विचार आहे, म्हणजे यादी आणखी जवळ येते. पण जोड्या लावायला गेलं की गडबड होते. कफ प्रकृतीचं वर्णन फ्लेग्मॅटिकशी बऱ्यापैकी जुळतं: सावकाश, स्थिर, लवकर न चिडणारा. वाताचं मात्र तसं नाही. चरकसंहितेतला वातप्रकृतीचा माणूस बडबड्या आहे, त्याची हालचाल जलद, तो पटकन शिकतो आणि पटकन विसरतो. तो मेलँकॉलिक मुळीच नाही. शिवाय आयुर्वेदात प्रकृती म्हणजे आधी देह: पचन, झोप, त्वचा, थंडी-ऊन किती सोसतं ते. मनासाठी सत्त्व, रज, तम ही वेगळी मांडणी आहे. प्रकृतीवर आधुनिक संशोधनही झालंय. २००५ मध्ये पुण्यात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ७६ जणांची प्रकृती आणि प्रतिकारशक्तीशी संबंधित एक जनुक यांचा संबंध तपासला. असं काम व्हायला हवं. पण तो देहप्रकृतीचा शोध आहे. सहावीतल्या मुलानं स्नेहसंमेलनात भाग घ्यावा का, हे त्यावरून ठरत नाही.

या जुन्या कल्पनेची एक बाजू मला फार खुपते, म्हणून थोडं विषयांतर करते. गेलननं कर्करोगाचा दोष काळ्या पित्ताला दिला होता. द्रव गेले, पण ‘उदास स्वभावाला कॅन्सर होतो’ ही समजूत राहिली. खुद्द आयसेंकनं उत्तरायुष्यात कर्करोगप्रवण व्यक्तिमत्त्वाबद्दल एका सहकाऱ्यासोबत अविश्वसनीय वाटावेत असे निष्कर्ष छापले. २०१९ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीत त्यांतले २६ शोधनिबंध विश्वासार्ह नसल्याचं ठरलं. दरम्यान कित्येक घरांत आजारी बाईला ऐकवून झालं होतं, ‘सगळं मनात ठेवतेस, म्हणून झालं हे.’ मी अशा बायकांशी बोलले आहे. केमोच्या मळमळीपेक्षा ते वाक्य जास्त लागलेलं असतं. स्वभावाचं लेबल कोणाच्या माथी मारताना हा इतिहास माझ्या डोळ्यांसमोर असतो.

आता मुलाकडे येऊ. ‘हे सगळं थोतांड, स्वभाव वगैरे काही जन्मजात नसतंच’ असंही समजू नका. स्वभावाचा काही भाग खरोखर जन्मापासून असतो, आणि गंमत म्हणजे त्याचा सर्वांत सुंदर पुरावा देणाऱ्या हार्वर्डच्या जेरोम कागन या मानसशास्त्रज्ञानं आपल्या १९९४ च्या पुस्तकाच्या नावात गेलनचंच नाव घातलं. त्यानं चार महिन्यांच्या बाळांना अनोळखी गोष्टी दाखवल्या: डोळ्यांसमोर हलणारी रंगीत खेळणी, टेपवरचे आवाज, नाकाजवळ अल्कोहोलचा बोळा. सुमारे २० टक्के बाळं हातपाय झाडत, पाठीची कमान करत, रडत. सुमारे ४० टक्के बाळं शांत पडून बघत राहत. पहिल्या गटातली मुलं पुढे अनोळखी माणसांपाशी बुजण्याची शक्यता जास्त होती. मात्र त्यातली थोडीच मुलं प्रत्येक टप्प्यावर तशीच बुजरी राहिली, बरीचशी मध्याकडे सरकली. पूर्ण उलट टोकाला, म्हणजे बिनधास्त होणारी मात्र विरळा. स्वभाव दिशा देतो आणि काही टोकं अवघड करतो. मधला प्रदेश मोकळाच असतो.

ही सरकलेली मुलं कशानं सरकली? कागनच्या गटाला दिसलं ते असं: रडू नये म्हणून बाळाला प्रत्येक नव्या गोष्टीपासून वाचवणाऱ्या घरांत भित्रेपणा जास्त टिकला. मायेनं पण ठामपणे थोडं थोडं पुढे जाऊ देणाऱ्या घरांत तो कमी झाला. माझ्या कामात मला हेच दिसतं. एक मुलगी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) पहिल्या भेटीत दाराची कडी धरून उभी राहिली. आई सतत म्हणत होती, ‘बोल ना, ताई विचारतायत.’ मी आईला प्रश्न विचारायचं थांबवायला सांगितलं आणि मुलीसमोर कोरा कागद आणि पेन्सिली ठेवून माझ्या वहीत लिहीत बसले. बऱ्याच वेळानं ती येऊन बसली आणि घराचा नकाशा काढायला लागली, जिने आणि खिडक्यांसकट. तिला माणसांचं वावडं नव्हतं, पण आत येण्याआधी बघायला वेळ हवा होता. पुढे शाळेत तिच्यासाठी एकच बदल केला: नवीन उपक्रमाच्या दिवशी ती दहा मिनिटं आधी पोचायची, गर्दी व्हायच्या आत. त्यानं बराच फरक पडला.

१९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बालस्वभावाचा दीर्घ अभ्यास सुरू करणाऱ्या टॉमस आणि चेस या दांपत्यानं यावर एक कल्पना मांडली: महत्त्वाचा तो स्वभाव आणि परिसर यांचा मेळ. हळूहळू रुळणारी मुलं त्यांच्याही पाहणीत होती, सुमारे १५ टक्के. आणि ३५ टक्के मुलं त्यांच्या कुठल्याच प्रकारात बसली नाहीत, हे त्यांनी तसंच नोंदवून ठेवलं.

मेळ काळानुसारही बदलतो. चेन शिनयिन या मानसशास्त्रज्ञांनी शांघायमधल्या शाळकरी मुलांचा अभ्यास केला तेव्हा १९९० मध्ये लाजरी मुलं वर्गात आवडती होती, शिक्षक त्यांना जबाबदारी देत. २००२ पर्यंत, बाजाराची स्पर्धा वाढल्यावर, तशीच मुलं एकटी पडू लागली होती. आपल्याकडेही अबोल मुलाला एकेकाळी ‘गुणी’ म्हणत, आता शिबिराला घालतात.

तेव्हा बदलायचं की नाही हे कशावर अवलंबून आहे ते सांगते. तो लहानपणापासून असाच असेल, एक-दोन जिवाभावाचे मित्र असतील, ओळखीच्या घरात भरपूर बोलत असेल, तर काहीही दुरुस्त करायची गरज नाही. पाहुण्यांसमोर ‘हा जरा लाजाळू आहे’ अशी ओळख करून देणं थांबवा, त्याच्या वतीनं उत्तरं देणं थांबवा आणि दुकानात पैसे देणं, फोनवर आजीशी बोलणं अशी छोटी कामं त्याच्याकडे सोपवत राहा. पण हा गप्पपणा गेल्या काही महिन्यांत आला असेल, शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखत असेल, डबा तसाच परत येत असेल, किंवा घरी बोलणारा मुलगा शाळेत एक शब्दही उच्चारत नसेल, तर ती स्वभावाची बाब नव्हे. मग त्रास देणारं कोणी आहे का, कानाचा काही प्रश्न आहे का, वाचायला अडचण येते का हे पाहावं लागतं, आणि त्यासाठी प्रत्यक्ष भेटच हवी. ‘मेलँकॉलिक आहे’ म्हणून अशा खुणांकडे दुर्लक्ष होणं हा अहवालाचा सर्वांत मोठा धोका.

शाळेला प्रत देऊ नका. शिक्षकांनी ‘नेतृत्व टाळावे’ हे वाचलं की गटप्रमुख निवडताना त्यांची नजर नकळत त्याच्यावरून पुढे सरकेल. त्याऐवजी वर्गशिक्षकांना भेटून दोन वाक्यं सांगा: याला नवीन जागी रुळायला थोडा वेळ लागतो, आणि उत्तर येत असलं तरी पटकन हात वर करत नाही, म्हणून विचारल्यावर काही क्षण थांबा. मुलानं अहवाल वाचलेला असेल तर मात्र तो लपवू नका. त्याच्यासोबत बसा आणि एकेका वाक्याला ‘हे कधी खरं असतं, कधी नसतं?’ असं विचारा. त्याची उत्तरं लिहून ठेवा आणि माझ्याकडे किंवा आणखी कोणाकडे मदतीसाठी जाल तेव्हा अहवालाऐवजी तो कागद न्या.